आठ पॅचची अँटेना: कागदावर साइड लोब २५ डीबी खाली, गच्चीवर जेमतेम १२

कळमन्याचा_अँटेनावाला (धागालेखक), रविवार, रात्री ११:४०

मंडळी, तीन रविवार गेले, डोकं चालेनासं झालंय, म्हणून हा धागा.

काकांची नागपुरात कळमन्याला डाळ मिल आहे आणि ऑफिस वर्धमाननगरात, अंतर साधारण तीन किलोमीटर. दोन्हीकडे ५.८ गिगाहर्ट्झचे तयार रेडिओ आहेत. मधे मोठं झाड नाही, टॉवर नाही, तरी दुपारी लिंक रडते. कारण उघड आहे: या पट्ट्यात प्रत्येक दुसऱ्या गच्चीवर कुणाचा ना कुणाचा रेडिओ बसलाय आणि बाजूने येणारा गोंगाट आमची अँटेना निमूट गोळा करते. मी शिकलो इलेक्ट्रॉनिक्स, पोट भरतो सॉफ्टवेअरवर. हात खाजवत होतेच. म्हटलं, साइड लोब (मुख्य बीम, म्हणजे मेन लोब, सोडून बाजूला फुटणारे फाटे) कमी असलेली, बोर्डावर तांब्याचे पॅच रांगेत कोरलेली मायक्रोस्ट्रिप अ‍ॅरे स्वतःच करू.

रचना अशी. १.६ मिमी जाडीचा एफआर-४ (नेहमीचा स्वस्त सर्किट बोर्ड), डायइलेक्ट्रिक स्थिरांक ४.४ धरला. एका आडव्या रांगेत आठ पॅच, प्रत्येक १५.७ मिमी रुंद आणि ११.७ मिमी लांब. मध्यापासून मध्यापर्यंत ३१ मिमी, म्हणजे ०.६ लॅम्डा (तरंगलांबी). डॉल्फ-चेबिशेव्ह पद्धतीने २५ डीबीसाठी मधून कडेकडे १, ०.८४, ०.५८, ०.३८ असे आयाम (कुठल्या पॅचला किती जोराची लाट द्यायची ते) काढले. टी-जंक्शनांचं (एका रेषेच्या दोन फांद्या करणाऱ्या जोडांचं) झाड त्याच बाजूला, आठही पॅचपर्यंतच्या वाटा समान लांबीच्या. बोर्ड गावातच करून घेतला.

मोजणी आमच्या गच्चीवर. चार मीटरवर स्टुलावर एक साधा पॅच पाठवतोय, इकडे अ‍ॅरे जुन्या टेबलफॅनच्या स्टँडवर, खाली कोनमापक चिकटवलेला. मोजायला ६ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारं लाइटव्हीएनए हे छोटं मोजणीयंत्र.

निकाल: मेन लोब सरळ समोर, छान. १९ अंशांच्या आसपास दोन्ही बाजूंना लोब, डावा १७ डीबी खाली, उजवा १६ (१० डीबी खाली म्हणजे शक्ती दहावा हिस्सा). आणि उजवीकडे ४० अंशांवर एक धिप्पाड लोब, फक्त १२ डीबी खाली! डावीकडे तिथे काहीच नाही. वर गेन (समोरच्या दिशेला शक्ती किती एकवटते ते) १४ डीबीच्या पुढे अपेक्षित होता, मिळाला ९. एस११ (तोंडाशीच परत फिरणाऱ्या शक्तीचं माप) मात्र झकास, म्हणून राग जास्त येतोय.

कुठे चुकलं?

---

तर्री_पोहे, रविवार, रात्री ११:५२

बाप्पा! मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत गच्चीवर उभा राहून अँटेना मोजून राहिला तू? लोब अँटेनात नाही भाऊ, डोक्यात निघाला असन. कूलरसमोर बसून मोजत जा राजा.

---

वाचनमात्र, सोमवार, सकाळी ७:१५

अडाणी प्रश्न आहे, हसू नका. हे साइड लोब मुळात येतातच कशाला? आणि काकांना बाजारातून एक डिश आणून दिली असती तर?

---

कळमन्याचा_अँटेनावाला, सोमवार, सकाळी ८:०५

@वाचनमात्र, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: डिश स्वस्त पडली असती, चांगलीही चालली असती. हे काकांना सांगू नका.

---

जुनाट_ट्रान्झिस्टर, सोमवार, सकाळी १०:३०

पहिल्या प्रश्नाचं मी देतो, निवृत्त माणसाला वेळ आहे.

आठही पॅचना सारखीच शक्ती दिली, तर रांगेच्या टोकाशी ती धाडकन संपते. पूर्ण, पूर्ण, पूर्ण आणि मग शून्य. दूरवरचा पॅटर्न म्हणजे या मांडणीचं फूरिये रूपांतर. जिथे कडा एकदम तुटते तिथे रूपांतराला लाटा फुटतात, त्याच लाटा म्हणजे साइड लोब. लांब रांगेत पहिला लोब १३.२ डीबीवर येतो, आठ घटकांच्या रांगेत १२.८ च्या आसपास. तांबं कितीही छान कोरा, समान शक्ती असेतो हा आकडा हलत नाही.

मग कडेच्या पॅचना कमी द्यायचं. किती कमी? द्विपद गुणकांनी दिलं आणि अंतर अर्ध्या लॅम्डापर्यंत ठेवलं, तर साइड लोब उरतच नाहीत, पण बीम ढेरपोट्या होतो आणि कडेचे पॅच जवळपास उपाशी राहतात. १९४६ मध्ये डॉल्फने चेबिशेव्ह बहुपदी वापरून मधली वाट काढली: सगळे साइड लोब एकाच उंचीवर छाटायचे. तुम्ही ठरवलेल्या उंचीसाठी याहून अरुंद बीम मिळत नाही. मात्र ही हमी घटकांमधलं अंतर अर्धा लॅम्डा किंवा जास्त असतानाच. त्याखालची दुरुस्ती रिब्लेटने लगेच पुढच्या वर्षी दाखवली. टेलरचं वाटप १९५५ चं, मोठ्या अ‍ॅरेंना ते जास्त मानवतं, कारण चेबिशेव्हमध्ये घटक वाढले की कडेचा पॅच अचानक शेजाऱ्यापेक्षा जास्त मागू लागतो.

धागालेखकाच्या बाबतीत बीम साडेदहा अंशांवरून जवळपास तेरावर गेला असेल आणि गेन अर्धा डीबी पडला असेल. एवढी किंमत रास्त आहे.

अवांतर: आंध्रातल्या गडंकीचं वातावरण अभ्यासणारं एमएसटी रडार, ५३ मेगाहर्ट्झवर १०२४ यागी अँटेना, तिथेही मूळ रचनेत टेलर पद्धतीचंच उतरतं वाटप होतं, आणि साइड लोबचं लक्ष्य २० डीबीचं. तुम्ही एफआर-४ वर २५ मागताय. हौसेला मोल नसतं, हे मान्य.

---

वाचनमात्र, सोमवार, सकाळी ११:०२

आभारी आहे काका. वाचनखूण साठवली.

---

सोल्डरगंध, सोमवार, रात्री ९:२०

मी धरमपेठेतलीच, आता नोकरीनिमित्त बंगळुरात. हेच काम करते, त्यामुळे राहवलं नाही. तुमच्या तक्रारीत तीन वेगवेगळ्या भानगडी आहेत आणि तुम्ही त्यांची एकच भाजी केली आहे.

एक, ४० अंशांचा लोब. तुमचे आयाम सममित, वाटा समान लांबीच्या. अशा अ‍ॅरेचा पॅटर्न डावी-उजवीकडे सारखाच असायला हवा. एका बाजूला १२ डीबीचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला सपाट मैदान, हे सहसा अँटेनाचं लक्षण नसतं, गच्चीचं असतं. अँटेना ४० अंश फिरली की तिचा मेन लोब कुठल्या तरी चकचकीत वस्तूवर पडतो आणि तिथून परतलेली किरणं थेट तोंडात घेतो. करून बघा: अ‍ॅरे तिच्याच तोंडाच्या अक्षाभोवती १८० अंश फिरवा, म्हणजे खालची कड वर. ध्रुवीकरण तेच राहील. लोब खरा असेल तर तो डावीकडे जाईल, गच्चीचा असेल तर जागचा हलणार नाही.

दोन, गेन. त्यावर इथे कुणी ना कुणी बोलेलच.

तीन, १९ अंशांचे लोब. खरी गोष्ट इथे आहे. पहिल्या टी-जंक्शनच्या दोन फांद्यांच्या रुंद्या सांगाल का? आकडे, अंदाज नको.

---

शून्य_मैल, सोमवार, रात्री १०:११

गेनचं मी बोलतो, बोर्डांचाच धंदा आहे माझा.

एफआर-४ चा लॉस टँजंट (माल किती शक्ती खातो त्याचा आकडा) ०.०२. ५.८ गिगाहर्ट्झवर ५० ओहमच्या रेषेत नुसत्या डायइलेक्ट्रिकचा तोटा काढा, सेंटिमीटरमागे ०.१७ डीबी पडतो. तुमच्या झाडात प्रत्येक पॅचपर्यंतची वाट पंधरा सेंटिमीटर तरी असणार. गेले अडीच डीबी, तांब्याचा तोटा वेगळा. वर पॅच स्वतः त्याच बोर्डावर, तो आलेल्या शक्तीचा निम्म्याच्या आसपास भाग गरम होण्यात घालवतो. झाला हिशेब, १४ चे ९. यात चूक कुणाचीच नाही, हा मालच असा आहे. तोच आराखडा आरटी ड्युरॉइड ५८८० या चांगल्या लॅमिनेटवर (बोर्डाच्या मालावर) केला, तर टँजंट ०.०००९. फरक खिशालाही कळेल.

एक मात्र: वाटा समान आहेत, म्हणून तोटा सगळ्यांना सारखा. त्याने साइड लोब बिघडत नाहीत.

---

कळमन्याचा_अँटेनावाला, मंगळवार, सकाळी ७:४०

@सोल्डरगंध ताई, रांगेच्या प्रत्येक अर्ध्यातला पहिला टी: आत ५० ओहम. मधल्या दोन पॅचकडे जाणारी फांदी २ मिमी, कडेच्या दोघांकडे जाणारी ०.२ मिमी. खरं तर कॅल्क्युलेटर कडेच्या फांदीला आणखी बारीक रेषा मागत होता, पण बोर्डवाला म्हणाला याच्या खाली तांबं टिकत नाही. म्हटलं, एवढ्याने काय बिघडतंय.

---

सोल्डरगंध, मंगळवार, रात्री ८:५५

एवढ्यानेच बिघडलंय.

तुमच्या आयामांचे वर्ग म्हणजे शक्ती: १, ०.७१, ०.३४, ०.१४. मधल्या जोडीची बेरीज १.७१, कडेच्या जोडीची ०.४८. म्हणजे पहिल्या टीने ३.५ ला १ अशी वाटणी करायला हवी. आत ५० ओहम असेल तर फांद्या ६४ आणि २२६ ओहमच्या लागतात. ६४ ला २ मिमी बरोबर. पण १.६ मिमीच्या एफआर-४ वर ०.२ मिमीची रेषा म्हणजे साधारण १४६ ओहम. २२६ इथे कोरताच येत नाही, केसापेक्षा बारीक रेषा लागेल.

मग प्रत्यक्षात वाटणी झाली १४६ भागिले ६४, म्हणजे २.२८ ला १. कडेच्या दोघांना मागितल्यापेक्षा जास्त मिळालं. आयाम झाले १, ०.८४, ०.७३, ०.४७. मी हे पायथनमध्ये टाकलं: पहिला लोब साडेएकोणीस डीबीवर, तोही बरोब्बर १९ अंशांपाशी. बाकी काहीही न चुकता, नुसत्या या एका रेषेने तुमचे साडेपाच डीबी खाल्ले. दुसऱ्या पायरीवर कडेच्या जोडीच्या टीला १६९ ओहम लागतात, तिथेही तीच रड, फक्त परिणाम थोडा.

एस११ झकास का? कारण १४६ आणि ६४ समांतर जोडले की ४४ च्या वर येतात, ५० पासून फार लांब नाही. एस११ फक्त एवढंच सांगतो की शक्ती आत गेली. कुणाच्या ताटात किती पडली, ते त्याला माहीत नसतं.

उपाय: टीच्या आधी पाव-लॅम्डाचा ३५ ओहमचा तुकडा टाकून आतला प्रतिरोध २५ वर आणा. मग फांद्या ३२ आणि ११३ ओहम होतात. ११३ म्हणजे अर्धा मिमी, कुठलाही बोर्डवाला डोळे मिटून कोरेल. ३२ म्हणजे ६ मिमी, तिचा जोड जरा दांडगा होतो, सिम्युलेशनमध्ये सांभाळून घ्या.

---

तर्री_पोहे, मंगळवार, रात्री ९:०३

म्हणजे पंगतीत वाढणारा टोकाच्या पाव्हण्यांले जास्त वाढून राहिला होता. समजलं ताई.

---

जुनाट_ट्रान्झिस्टर, बुधवार, सकाळी ९:४५

हिशेब पटला. पण एवढी झाडं लावण्यापेक्षा सिरीज फीड का नको? एकाच रेषेवर आठ पॅच ओवायचे, एकेका मार्गदर्शित तरंगलांबीवर, आणि आयाम कमी करायचा तर कडेचे पॅच अरुंद करायचे. पॅच अरुंद झाला की त्याचं विकिरण कमी होतं. गाड्यांच्या ७७ गिगाहर्ट्झ रडारात अशाच माळा दिसतात. फीडची लांबी कमी, तोटा कमी, टी-जंक्शनची कटकटच नाही.

---

शून्य_मैल, बुधवार, दुपारी १:३०

काका, आदर राखून असहमत. त्या माळा चांगल्या लॅमिनेटवर असतात. एफआर-४ चा स्थिरांक कागदावर ४.४, हातात आलेला शीट ४.२ चाही निघतो, आणि पुढच्या खेपेला वेगळाच. एवढ्या फरकाने पॅच १३० मेगाहर्ट्झने सरकतो, तो त्रास दोन्हीकडे. पण सिरीजमध्ये वरून प्रत्येक पॅचमागे फेजची (लाट पुढेमागे सरकण्याची) चूक साचत जाते. ५.८ ला या बोर्डावर तरंगलांबी २८ मिमीच आहे, मिलिमीटरमागे जवळपास १३ अंश. एका टोकाने भरलं तर आठव्या पॅचपर्यंत बीम भलतीकडेच वळलेला असतो. समान वाटांच्या झाडात सगळेच सारखे चुकतात, म्हणून बीम समोरच राहतो. स्वस्त मालाला झाडच बरं.

---

जुनाट_ट्रान्झिस्टर, बुधवार, दुपारी २:१०

माळ मधून भरली तर चूक दोन्हीकडे सारखी साचते, बीम वळत नाही. पण पसरतो, हे खरं. एफआर-४ पुरतं तुमचं मान्य, चांगल्या लॅमिनेटवर मी माझ्या माळेवर ठाम.

---

कळमन्याचा_अँटेनावाला, शुक्रवार, सकाळी ६:५०

पहाटे पाचला गच्चीवर गेलो, ऊन चढायच्या आत. अ‍ॅरे उलटी केली. १९ अंशांच्या लोबांनी बाजू बदलली: १६ वाला डावीकडे गेला, १७ वाला उजवीकडे. ४० अंशांचा राक्षस मात्र तसूभर हलला नाही.

मग अँटेना ४० अंशांवर वळवून तिच्या पाठीमागून डोळा लावला. समोर काय? आमचा कूलर. पत्र्याचा, भलामोठा, वरच्या खोलीच्या खिडकीला लावलेला, बाजूचा पत्रा आरशासारखा सपाट. @तर्री_पोहे, तुझ्या तोंडात साखर पडो.

आईला म्हटलं, दोन तास कूलर सरकवू का? उत्तर: "अँटेना सरकव."

---

तर्री_पोहे, शुक्रवार, सकाळी ७:०८

😂😂 मी तं हवा घ्यायले सांगून राहिलो होतो! माऊलीचं बरोबर आहे. नागपुरात मे महिन्यात कूलर हलवणारा माणूस जगत नसतो.

---

सोल्डरगंध, शुक्रवार, रात्री १०:१५

छान पकडलंत. पण कूलर दिसला म्हणून आता गच्ची शुद्ध झाली असं समजू नका. कठडा, टाकी, जिन्याचं दार, सगळे थोडं थोडं परत पाठवतात. समजा कुठून तरी मेन लोबच्या ३० डीबी खालची किरणं येताहेत. मेन लोब मोजताना ती कळणारही नाहीत. पण २५ डीबी खालचा साइड लोब मोजताना तीच किरणं त्या लोबाच्या निम्म्याहून जास्त आयामाची ठरतात: फेज जुळली तर लोब जवळपास ४ डीबीने मोठा दिसतो, उलट पडली तर ७ डीबीने लहान. म्हणजे याच गच्चीवर एखाद दिवशी तुम्हाला ३२ डीबीसुद्धा दिसले असते आणि तुम्ही पेढे वाटले असते.

मैदानावर जा, अँटेना उंच धरा, अंतरही वाढवा. तुमच्या पाव मीटरच्या अ‍ॅरेला दूरक्षेत्राची (पॅटर्न खरा दिसायला लागणाऱ्या किमान अंतराची) नेहमीची अट अडीच मीटरने भागते, पण कमी लोब मोजायचे असतील तर त्याच्या दुप्पट-तिप्पट घ्या.

आणि एक सुचवते. २५ चा नाद तूर्त सोडा. पॅचमध्ये आयामाची १ डीबी आणि फेजची १० अंश अशी सटरफटर चूक राहिली (एफआर-४ वर, शेजारी पॅचच्या कपलिंगसह, म्हणजे एकाची शक्ती दुसऱ्यात झिरपते ती धरून, राहतेच), तर आठ घटकांत निव्वळ चुकांमुळे उठणारा गाळ सरासरी २२ डीबीवर बसतो. त्याच्या खालचं चेबिशेव्हकडे मागून काय उपयोग?

२० डीबीची रचना घ्या: १, ०.८७५, ०.६६, ०.५८. आता गंमत बघा. तिच्या पहिल्या टीला वाटणी लागते २.२९ ला १. तुमच्या चुकलेल्या टीची वाटणी किती होती? २.२८!

---

कळमन्याचा_अँटेनावाला, शुक्रवार, रात्री १०:३१

म्हणजे पहिला टी आहे तसाच ठेवायचा?? नुसत्या पुढच्या जोड्या बदलायच्या?

---

सोल्डरगंध, शुक्रवार, रात्री १०:४४

हो. पुढच्या दोन्ही जोड्यांची वाटणी साधारण १.३ ला १ होते, फांद्या ८८ आणि ११५ ओहमच्या जवळपास. सगळं कोरता येतं. ०.२ ची रेषा मात्र ०.२ चीच यायला हवी, बोर्डवाल्याकडून आल्यावर भिंगाखाली मोजा.

---

शून्य_मैल, शनिवार, सकाळी ११:२०

आणि झाडाचे कोपरे कापा, सरळ काटकोन ठेवू नका. तुमचं फीड पॅचच्याच बाजूला आहे, ते स्वतःही थोडं विकिरण करतं आणि ते कुठल्याच हिशेबात नसतं. फारच हौस असेल तर पुढच्या वेळी फीड जमिनीच्या थराच्या मागे घ्या आणि थरातल्या खाचेतून पॅचला जोडा. ही युक्ती पोझारची, १९८५ ची. बोर्ड दोन लागतील, जुळवणी कटकटीची, पण पुढची बाजू स्वच्छ राहते.

---

कळमन्याचा_अँटेनावाला, तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:१०

उशीर झाला, बोर्डाला वेळ लागला.

आधी जुनाच बोर्ड मैदानावर नेला, सहा मीटर अंतर, दोन्हीकडे बांबूवर बांधून. ४० अंशांचा लोब गायब. १९ अंशांचे १८ आणि साडेअठरा डीबीवर. ताईंच्या साडेएकोणीसच्या फार जवळ. सकाळी फिरायला आलेल्या एका आजोबांनी विचारलं, पाऊस कधी पडेल. मी म्हटलं, हे ते यंत्र नाही. ते म्हणाले, मग कशाला एवढी मेहनत?

नवा बोर्ड, २० डीबीची रचना, कोपरे कापलेले: सगळ्यात मोठा साइड लोब साडेअठरा डीबीवर, दोन्ही बाजू अर्ध्या डीबीच्या फरकात. म्हणजे कागदावर पाच डीबी सोडले आणि हातात पहिल्या बोर्डापेक्षा कणभर जास्तच आलं, बीमही एका अंशाने अरुंद. गेन अजून साडेनऊ. शून्य_मैल भाऊ, चांगल्या लॅमिनेटचा भाव व्यक्तिगत निरोपात कळवा.

काल मिलवर चढवली. दुपारी दोनला, सगळ्यात वाईट वेळी, लिंक दोन तास बघत बसलो. पूर्वी गोंगाटाची पातळी जिथे असायची त्यापेक्षा ६ डीबीने खाली आहे. त्यातलं किती साइड लोबांमुळे आणि किती ही अँटेनाच जुनीपेक्षा कमी ऐकते म्हणून, हे वेगळं काढायचं राहिलंय.

---

सोल्डरगंध, रविवार, रात्री ९:४८

तेच विचारणार होते. सिग्नलची पातळी किती पडली ते सांगा, दोन्हींतला फरक महत्त्वाचा.

---

कळमन्याचा_अँटेनावाला, रविवार, रात्री ९:५५

सिग्नल २ डीबीने पडलाय. म्हणजे निव्वळ ४ डीबीचा फायदा. काका म्हणतात, आधीच डिश घेतली असती तर?

---

वाचनमात्र, रविवार, रात्री १०:०१

काकांना कुणी सांगितलं??